पहिल्यापासून ऐका

लातूरच्या ज्या घरात मी काही वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या मालकांना स्वतःचा आवाज फार आवडायचा. आवडावा असं त्या आवाजात काही नव्हतं. कायम सर्दी झाल्यासारखा तो बसका होता आणि वाक्य संपत आलं की विरून जायचा. पण आपल्या जिभेवर सरस्वती आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. मालकाची समजूत भाडेकरूनं खोडून काढायची नसते, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

सगळे त्यांना सर म्हणायचे. कुठल्याशा हायस्कुलातली नोकरी त्यांनी मुदतीआधीच सोडली होती. ते सांगत, पोरांची लायकी नव्हती. गल्लीतले लोक सांगत, पोरं त्यांचं ऐकत नव्हती. मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं लोखंडी पेट्या घेऊन एसटीतून उतरायला लागली, आणि ज्याच्याकडे म्हणून चार भिंती होत्या त्यानं मध्ये पत्रे ठोकून खोल्या पाडल्या. सरांनीही पाडल्या. म्हणजे ज्या पोरांनी ऐकायचं नाकारलं, त्यांच्याच वयाची पोरं आता सरांच्या छपराखाली, सरांच्या अटींवर राहायला आली. सरांनी ही संधी सोडली नाही.

भाडेकरूंना ते विषयाच्या नावानं हाक मारत. मी इस्लापूरहून एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आलेलो, म्हणून मी ‘फिजिक्स’. शेजारच्या खोलीतला मुलगा दोनदा बारावीला बसलेला, तो ‘बायोलॉजी रिपीटर’. “अहो फिजिक्स, नळ नीट बंद करा,” असं ते जिन्यातून ओरडत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक असावं असं मला वाटत नाही.

अट अशी होती, की खोलीच्या किल्लीबरोबर प्रत्येकानं एक एमपीथ्री प्लेअर घ्यायचा. बोटाएवढा, गळ्यात अडकवायचा, सरांनी कुठून तरी घाऊक आणलेला. प्रत्येकावर नेलपॉलिशनं नंबर घातलेला. त्यात सरांनी स्वतः वाचून रेकॉर्ड केलेली अकरावी-बारावीची पुस्तकं असत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, आणि कुणी न मागता इतिहाससुद्धा. रविवारी सकाळी सर सगळे प्लेअर तपासायला घेत. त्यात कुणी गाणी भरलेली सापडली तर त्याचं गरम पाणी बंद.

फिजिक्सचं पुस्तक ते कसं वाचत, ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. “बाजूची आकृती पाहा,” असं म्हणून ते थोडा वेळ थांबत. ऐकणाऱ्यानं त्या वेळात कुठे पाहायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सूत्र आलं की ते श्लोकासारखं चालीत म्हणत. भागाकाराची रेघ आली की नुसतं “खाली” म्हणत. त्या ‘खाली’च्या भरवशावर कुणी डॉक्टर-इंजिनिअर झाला असेल, तर त्याच्या हातात मी माझी नाडी देणार नाही.

पुस्तकांवर त्यांचा राग होता आणि त्याचं कारण ते भूकंप सांगत. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे त्यांच्या घरातली पुस्तकांची फळी निखळली आणि व्याकरणाचा एक जाडजूड ग्रंथ त्यांच्या कपाळावर पडला. टेंगूळ आलं. बस. तिकडे किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती, आणि सर पुढली कित्येक वर्षं त्या टेंगळाची कहाणी सांगत होते. “पुस्तक माणसाच्या जिवावर उठतं. आवाज कधी कुणाच्या डोक्यात पडल्याचं ऐकलंय?” असं म्हणून ते कपाळावर बोट ठेवत. तिथे काही दिसत नसे.

ही कहाणी ते खालच्या खानावळीत बसूनही सांगत. खानावळ काकूंची होती. काकू त्या पडलेल्या गावांपैकीच एका गावातल्या. नवरा त्या पहाटे गेला. लहानगी सुरेखा भिंतीखालून जिवंत निघाली, पण तिची नजर गेली. काकू सरांच्या पानात आमटी वाढत टेंगळाची गोष्ट पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकत आणि म्हणत, “लई लागलं असंल न्हाई, सर?” मला त्या वेळी पान सोडून उठावंसं वाटे. काकू थट्टा करत नव्हत्या. खानावळीची जागा सरांची होती.

आता सरांच्या रेकॉर्डिंगविषयी. आधी हे सगळं कॅसेटींवर होतं. मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि टेपरेकॉर्डरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर ओढून सगळ्या कॅसेटी फाईलींमध्ये बदलायला घेतल्या. इथपर्यंत ठीक. पण त्या मोठ्या फाईली बोटभर प्लेअरमध्ये मावत ना, तेव्हा सरांनी त्यांचं ‘वजन उतरवायला’ सुरुवात केली. एमपीथ्रीची आणखी लहान एमपीथ्री, तिची आणखी लहान. दर वेळी आवाजातलं काहीतरी कायमचं निघून जातं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. त्यांचे मेहुणे दालमिलवाले. “फिजिक्स, तूर एकदा भरडून डाळ होते का? घासावी लागते, पुन्हा घासावी लागते, तेव्हा चकाकी येते. फाईलचंही तसंच आहे,” असं ते म्हणाले. शेवटच्या पॉलिशनंतर सरांचा आवाज पत्र्याच्या डब्यात अडकलेल्या माशीसारखा झाला. मग, कच्चा माल घरात ठेवू नये म्हणून, सरांनी मूळ फाईली पुसून टाकल्या आणि कॅसेटी भजनी मंडळाला देऊन टाकल्या.

यापेक्षा भयंकर होता तो त्यांचा नियम. संपूर्ण पुस्तकाची एकच फाईल. कित्येक तासांची, सलग, धड्यांचे तुकडे न पाडलेली. त्या स्वस्तातल्या प्लेअरला, बंद केला की आपण कुठे होतो ते आठवत नसे. पुन्हा चालू केला की फाईल पहिल्यापासून. बटण दाबून धरलं तर पुढे जाई, पण गोगलगायीच्या चालीनं. बोट जरा उचललं गेलं की तो इतिहासातून थेट केमिस्ट्रीत उडी मारी. मी सरांना म्हटलं, धड्यागणिक वेगळी फाईल करा, म्हणजे ज्याला जो धडा हवा तो काढता येईल. ते ताडकन म्हणाले, “खूण ठेवायची सवय पुस्तकांनी लावली. पानाचा कान दुमडायचा, झोपायचं, उद्या तिथून पुढे. अर्धवट विद्या! माझ्याकडे चालणार नाही. पहिल्यापासून ऐका.”

हे ‘पहिल्यापासून ऐका’ त्यांनी जिन्यात रंगवून घेतलं होतं.

परिणाम काय व्हायचा तो झाला. त्या घरात पहिला धडा सगळ्यांना पाठ होता. कुठल्याही विषयाचा. इतिहासातला पहिला धडा औद्योगिक क्रांतीचा होता. सायन्सची पोरं प्लेअर चुकून त्याच फाईलवर सुरू झाला म्हणून तो ऐकत, आणि न्हाणीत अंगावर पाणी घेताना “वाफेच्या शक्तीनं मानवी श्रमांची जागा घेतली” असं सरांच्या आवाजात म्हणत. दुसरा धडा थोडाथोडा यायचा. तिसऱ्यापलीकडे कुणीही गेलं नव्हतं. रविवारी सर विचारत, “कसं चाललंय?” पोरं म्हणत, “पहिल्यापासून चाललंय, सर.” सर खूश.

सायन्सच्या पोरांचं काही बिघडत नव्हतं. त्यांच्याकडे क्लासच्या नोट्स होत्या, डोळे होते. बिघडत होतं ते सुरेखाचं.

सुरेखा तेव्हा विशीत होती. कुणाकुणाकडून वाचून घेत तिनं बारावीचे बाकीचे विषय काढले होते. राहिला होता एकटा इतिहास. तो निघाला की नांदेडला टेलिफोन ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला तिचा नंबर लागणार होता. वयाची अट होती आणि ही तिची शेवटची संधी होती. नाही निघाला, तर खानावळीच्या मागच्या खोलीत बसून कांदे-लसूण सोलणं, आणि काकूंच्या नंतर तेही नाही. हे ती स्वतःच सांगायची, अगदी सहज. “आय मरायच्या आत मला नंबर फिरवायला शिकायचंय,” असं म्हणून हसायची.

सरांच्या कॅसेटी होत्या तोवर तिचं बरं चाललं होतं. कॅसेट जिथे थांबवावी तिथेच थांबते, उद्या लावली तर तिथूनच बोलते. दिवाळीपर्यंत ती पाचव्या धड्यात पोचली होती. मग सरांनी तिच्याही कॅसेटी पॉलिशसाठी उचलून नेल्या आणि हातात प्लेअर दिला. पुन्हा औद्योगिक क्रांती. काकूंनी हाक मारली, प्लेअर बंद केला, पुन्हा औद्योगिक क्रांती. वीज गेली, बॅटरी संपली, पुन्हा वाफेचं इंजिन. मी म्हटलं, बाहेर सायबर कॅफेत जाऊन फाईलचे तुकडे करून आणतो, किंवा पुस्तकच विकत आणतो, पोरं वाचून दाखवतील. काकूंनी हात जोडले. “नगा हो दादा. रविवारी तपासत्यात. त्यांचं सोडून दुसरं आणलं म्हणलं की जागा खाली करा म्हणतील. कुठं जाऊ मी एवढी भांडी घेऊन?”

मग एक दिवस सुरेखाला कळलं, की बटण हलकं दाबलं तर प्लेअर बंद होत नाही, नुसता थांबतो. तो थांबलेला असेपर्यंत जागा धरून ठेवतो. त्याला आपोआप बंद व्हायचीही अक्कल नव्हती, हे नशीब. तेव्हापासून सुरेखाचा प्लेअर स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावलेला असायचा, चार्जरवर, थांबलेल्या अवस्थेत. काम आटोपलं की ती तिथे स्टूल घेऊन बसायची, कानात वायर घालायची आणि सोडलं तिथून पुढे ऐकायची. लोडशेडिंग सुरू झालं की त्या स्वस्त बॅटरीच्या भरवशावर सगळ्या खानावळीचा जीव टांगणीला. जेवायला बसलेली पोरं विचारायची, “काकू, इतिहास हाय का गेला?”

ती सातव्या धड्यात होती तेव्हा सर खाली आले आणि त्यांनी पिन ओढली. त्या झटक्यानं प्लेअर बंद पडला. “बल्ब नाही, पंखा नाही, आणि बटण चालू? वीज काय फुकट येते?” म्हणाले आणि आमटीची वाटी पुढे केली. सुरेखानं प्लेअर चाचपला, चालू केला आणि पुन्हा पहिल्या धड्यापासून ऐकायला लागली. मला सरांच्या वाटीत मीठ ओतावंसं वाटलं. परीक्षा जवळ येत होती.

काकूंनी मात्र डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी त्या सॉकेटच्या वर महादेवाची तसबीर लागली. तिला हार, खाली फळी, फळीवर बेलाचं पान आणि बेलाच्या पानाजवळ प्लेअर. त्याचा तांबडा बिंदू मिणमिणत होता. सर आले, त्यांचा हात सवयीनं बटणाकडे गेला, तशा काकू म्हणाल्या, “देवाजवळचा दिवा हाय, सर. विझवू नगा.”

सरांच्या घराण्यात शिवभक्ती पिढीजात. त्यांनी हात मागे घेतला, चप्पल काढली आणि नमस्कार केला. तेव्हापासून रोज जेवणाआधी ते तिथे उभे राहून डोळे मिटत. स्वतःच्याच थांबवून ठेवलेल्या आवाजापुढे हात जोडून उभा असलेला तो माणूस मी कितीतरी वेळा पाहिला. रविवारच्या तपासणीत सुरेखाचा नंबर आला की काकू सांगायच्या, तिचा प्लेअर देवापुढं ठेवलाय, परीक्षेपर्यंत उचलायचा नाही असा नवस आहे. सरांना गहिवरून यायचं.

सुरेखा आठवा धडा ओलांडून नवव्यात गेली. त्या घराच्या इतिहासात इतकं पुढे कुणी गेलं नव्हतं. पोरं रोज विचारू लागली. आणि मग एके दुपारी तिनं मला हाक मारली. “दादा, इकडं या. ह्ये ऐका बरं.”

मी एक वायर कानात घातली. डब्यातली माशी नवव्या धड्याचा शेवट वाचत होती. धडा संपला. खोकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “आज इथंच थांबू.” पुढे काही नाही. खरखर नाही, श्वास नाही. थोड्या वेळानं केमिस्ट्रीचा पहिला धडा सुरू झाला.

पुस्तकात त्याच्या पुढे कितीतरी धडे होते.

सुरेखा उठली. वरच्या मजल्यावर ती कधी गेली नव्हती. भिंतीला हात लावत ती जिना चढली, मी मागोमाग. सर कॉम्प्युटरपुढे बसून कशाला तरी पॉलिश करत होते.

“सर, नवव्याच्या पुढं काय हाय?”

“पुढे म्हणजे?”

“पुढं आवाज न्हाई.”

सर वळले. मला वाटलं, आता तरी ओशाळतील. ते म्हणाले, “तू नवव्यापर्यंत गेलीस कशी?”

“ऐकत ऐकत.”

“रोज पहिल्यापासून?”

“न्हाई. थांबवून ठेवत होते.”

“म्हणजे नियम मोडलास!”

माझा तोल गेला. मी ओरडलो, “नियम चुलीत घाला, सर! पुढचे धडे कुठायत?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “वाचले नाहीत,” म्हणाले.

“कामून?” सुरेखानं विचारलं.

“घसा बसला होता. म्हटलं, कुणी विचारलं की पुढचं वाचू. कुणी विचारलंच नाही.” त्यांचा आवाज नेहमीसारखा शेवटाला विरत गेला. “इतकी पोरं राहून गेली. एकानं येऊन विचारलं नाही की सर, पुढं काय?”

खरं सांगतो, मला त्यांची क्षणभर दया आली. मग आठवलं, की कुणीही पुढे पोचू नये याची चोख व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती, आणि ती जिन्यात रंगवूनही घेतली होती. दया गेली ती गेलीच.

सुरेखाला दयेसाठी वेळ नव्हता. “मी विचारायलेय की आता,” ती म्हणाली. “पुढं काय?”

सरांकडे पुस्तकही उरलं नव्हतं. रेकॉर्ड झालं म्हणून रद्दीत घातलेलं. मी गंजगोलाईच्या बाजाराजवळच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक आणलं. पोरांपैकी कुणी वाचलं असतं, पण त्यांच्या स्वतःच्या परीक्षा तोंडावर होत्या, आणि मी सकाळपासून क्लासला. शिवाय सुरेखाच म्हणाली, “त्यांनीच वाचायचं. राहिलंय त्यांचं.” आणि सर रोज सकाळी खाली येऊन बसू लागले.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडून ते म्हणाले, “पहिल्यापासून घेऊ.”

“नगं. दहावा काढा.”

वाचताना ते आपल्या टेंगळावर घसरले की ती म्हणे, “त्ये ऱ्हाऊ द्या. पुढं.” वाक्याचा शेवट गिळला की म्हणे, “थांबा. मागं घ्या. शेवट ऐकू आला न्हाई.” सरांना आयुष्यात कुणी असं मागे घ्यायला लावलं नव्हतं. ते लाल होत, इकडेतिकडे बघत, आणि मागे घेत. चपात्या लाटता लाटता काकू खाली मान घालून हसत. ती काम आलं की उठून जाई, सर बोट त्या ओळीवर ठेवून बसून राहत, ती परत आली की तिथून पुढे वाचत. एक दिवस मी पाहिलं तर सर पुढचा धडा मनातल्या मनात आधीच वाचून ठेवत होते. तोवर त्यांनी तो कधी वाचलाच नसावा.

मार्चमध्ये परीक्षा झाली. नियमाप्रमाणे खालच्या इयत्तेतली एक मुलगी लेखनिक मिळाली. सुरेखानं सांगितलं, तिनं लिहिलं. पेपर कसा गेला विचारलं तर सुरेखा म्हणाली, “लिवलाय.” यापलीकडे काही नाही. सरांनी मात्र त्याच संध्याकाळी कुठून तरी प्रश्नपत्रिका मिळवली आणि तिची घडी शर्टाच्या खिशात घातली. त्या दिवसापासून त्यांची मान ताठ झाली. कारण विचारलं तर म्हणत, “निकाल लागू द्या, मग सांगतो.”

निकाल लागला. सुरेखा पास झाली. फार मार्क नव्हते, पण नांदेडला पुरत होते. काकू चुलीपुढे बसून रडल्या. पोरांनी ताटं वाजवली. प्रशिक्षणाचं बोलावणं आलं, पिशवी भरली, आणि निघायच्या सकाळी सर पेढ्यांचं खोकं घेऊन खाली उतरले. सगळी खानावळ भरलेली पाहून त्यांनी खिशातली घडी उलगडली.

“ऐका!” ते म्हणाले. “मोठा प्रश्न. सगळ्यात जास्त मार्कांचा. औद्योगिक क्रांतीची कारणे व परिणाम लिहा. कुठला धडा? पहिला! आता बोला! मी काय सांगत होतो इतकी वर्षं? फिजिक्स, तुम्ही सांगा, काय रंगवलंय मी जिन्यात?”

जन्मभर चुकलेल्या माणसाला पेपर काढणाऱ्यानं असं एका फटक्यात बरोबर ठरवावं, याचा मला भयंकर संताप आला. सर एकेकाच्या हातावर पेढा ठेवत सुरेखापाशी आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पाठ होता ना तुला पहिला धडा? शब्द न् शब्द!”

“व्हय, सर. लई पाठ हाय.”

“मग! पूर्ण मार्क पडले असणार त्याला.”

“त्यो प्रश्न म्या न्हाई लिवला,” सुरेखा म्हणाली. “त्याच्याखाली ‘किंवा’ होतं. बाराव्या धड्याचा होता. त्यो लिवला.”



“अगं पण, पाठ असलेला सोडून?” सर म्हणाले. “तो बारावा तर एकदाच ऐकलेलास तू!”

“एकदाच आयकला, सर. म्हणून तर ध्यानात ऱ्हायला.”

सुरेखानं हात पुढे करून खोकं चाचपलं, एक पेढा उचलून आईला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि पिशवी खांद्याला लावत मला विचारलं, “दादा, नांदेडची गाडी किती वाजता हाय?”